महागडा डॅक : मालकाचे मत कुठवर ग्राह्य?

डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचे विद्युत लहरीत रूपांतर करणारे यंत्र. प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीत, मोटारीच्या स्टिरिओत ते असतेच. अ‍ॅपलचा बोटभर लांबीचा डॅक हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. इंग्लंडच्या कॉर्ड इलेक्ट्रॉनिक्सचा ‘डेव्ह’ २०१५ साली बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे आठ हजार पौंड होती, आणि केंब्रिजच्या डीसीएस कंपनीचे वरच्या श्रेणीतले संच त्याच्याही कितीतरी पुढे जातात. दोन्ही टोकांना काम एकच. मग कानाला पडणारा फरक किती, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून ठरवावा? ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या, की प्रयोगशाळेतल्या आलेखाच्या? सीडी आल्यापासून हा वाद चालू आहे.

त्याचा आढावा बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमधून घेण्याला कारण आहे. आउटर रिंग रोड आणि सर्जापूर रोडच्या सोसायट्यांत पुण्या-नागपूर-कोल्हापूरहून आलेली पुष्कळ मराठी मंडळी राहतात, आणि इथे डॅक विकत घेणारा माणूस बहुधा अभियंता असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बेंगळुरूत केंद्र उघडले. याच कंपनीने २००० साली बर-ब्राउन विकत घेतली, जिच्या पीसीएम मालिकेतल्या चिपची नावे जुन्या सीडी प्लेयरांच्या चाहत्यांना आजही तोंडपाठ आहेत. इंटेलचा मोठा परिसर इथल्या रिंग रोडवरच आहे. त्यामुळे ‘ऐकणारे भोळे आणि मोजणारे जाणकार’ ही नेहमीची विभागणी या भागात लागू पडत नाही. आलेख वाचता येणाऱ्या माणसांतही दोन्ही मतांचे लोक आहेत. मालकाच्या मताला साक्ष मानायचे, तर ती साक्ष कोणत्या प्रश्नावरची हे आधी ठरवले पाहिजे. या वादातला बराच गोंधळ तिथेच होतो, असे मला वाटते.

वादाची पार्श्वभूमी

सोनी आणि फिलिप्स यांची सीडी १९८२ साली आली. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, असे तिचे मानक. यातून साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा आवाज त्यातून पूर्ण परत मिळवता येतो, हे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांताने आधीच सांगितलेले होते. अडचण सिद्धांतात नव्हती, तो यंत्रात उतरवण्यात होती. फिलिप्सच्या पहिल्या प्लेयरांत १४ बिटची चिप होती. नमुन्यांची संख्या गणिताने चौपट करून, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग करून, त्यांनी ती उणीव भरून काढली. सोनीने १६ बिटचा मार्ग धरला. म्हणजे पहिल्याच वर्षी दोन कंपन्यांचे डॅक वेगळ्या तत्त्वावर चालत होते, आणि त्यांचा आवाज वेगळा असल्याचे ऐकणारे सांगत होते.

पुढे दोन घराणी पक्की झाली. एकात रोधकांची शिडी असते, तिला आर-टू-आर म्हणतात. प्रत्येक बिटाला एक पायरी, आणि सर्वांत वरच्या पायरीचा रोधक अचूक हवा. १६ बिटची अचूकता खरोखर गाठायची तर चूक ०.००१५ टक्क्यांच्या आसपास राहायला हवी; बाजारात मिळणारे चांगले रोधक ०.०१ टक्क्यांचे असतात. दुसरे घराणे डेल्टा-सिग्माचे. त्यात थोड्या बिटांवर पण प्रचंड वेगाने काम होते आणि राहिलेला गोंगाट कानाच्या पल्ल्याबाहेर ढकलला जातो. आजच्या बहुतेक चिप याच घराण्यातल्या आहेत. अमेरिकेची ईएसएस आणि जपानची एकेएम ही त्यांतली मोठी नावे. कॉर्ड आणि डीसीएस तयार चिप वापरत नाहीत, आपली मांडणी स्वतः करतात. ‘डेव्ह’चा रचनाकार रॉब वॉट्स यांचा भर नमुन्यांमधली जागा भरणाऱ्या फिल्टरच्या लांबीवर आहे. ‘डेव्ह’मध्ये फिल्टरचे १,६४,००० टप्पे आहेत आणि २०१८च्या ‘एम स्केलर’मध्ये ते दहा लाखांवर गेले. लांब फिल्टरमुळे तबल्याच्या थापेचा, तारेच्या छेडण्याचा नेमका क्षण सुधारतो, असा त्यांचा दावा आहे.

मालक काय सांगतात

महाग डॅक घेतलेल्यांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. आवाजामागची शांतता वाढली. गायकाभोवती जागा निर्माण झाली. झांजा टोचत नाहीत. दोन तास ऐकून डोके जड होत नाही. शिडीच्या डॅकचे मालक ‘भरीव’, ‘मऊ’, ‘सीडीपेक्षा रेकॉर्डच्या जवळचा’ असे शब्द वापरतात, तर ईएसएस चिपच्या जुन्या डॅकबद्दल ‘चकचकीत’ आणि ‘थंड’ ही तक्रार असते. ही भाषा मोघम आहे म्हणून टाकून देऊ नये. गायनाबद्दलही आपण गोलाई, वजन, लगाव असेच शब्द वापरतो आणि ते आपल्याला नीट कळतात.

मालकांत एकमत मात्र नाही. काहींना पहिल्या आठवड्यात जमीन-अस्मानाचा फरक वाटला आणि सहा महिन्यांनी तो सांगता येईना. काहींचे उलट: आधी काही जाणवले नाही, पण जुना डॅक परत लावल्यावर चुकल्यासारखे झाले. यंत्र शेकडो तास वाजवून ‘मुरू द्यावे’ असे विक्रेते सांगतात, आणि पुष्कळ मालकांचा त्यावर विश्वास आहे. मुरते ते यंत्र की ऐकणाऱ्याचा कान, हे मालकाला एकट्याने ठरवता येत नाही.

या मतांची परीक्षा घेण्याची एक संधी जपानमधल्या अपघाताने दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि तिच्या चिपांचा पुरवठा तुटला. अनेक कंपन्यांना तोच डॅक ईएसएसच्या चिपवर नव्याने बांधावा लागला. टॉपिंगच्या डी९० या डॅकची पुढची आवृत्ती ईएसएस चिपवर आली. जर्मनीच्या आरएमईच्या एडीआय-२ डॅकमध्येही चिप बदलली. जुना चांगला की नवा, यावर मालकांत भरपूर चर्चा झाली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून, नाव न कळता ऐकून दिलेली मते त्यात फार थोडी होती. चिपची कीर्ती आणि चिपचा आवाज वेगळे करण्याची ती संधी बव्हंशी वाया गेली.

मोजणाऱ्यांची बाजू

मोजमापाच्या बाजूचे म्हणणे थोडक्यात असे. डॅकच्या कामात गूढ काही नाही. गोंगाट, विकृती, वारंवारतेचा सरळपणा आणि घड्याळाची थरथर, म्हणजे जिटर, हे चारही मोजता येतात. आजचे चांगले डॅक १२० डेसिबलच्या पलीकडची शुद्धता दाखवतात, आणि असे डॅक आता पन्नास-साठ हजार रुपयांतही मिळतात. रात्री शांत असलेल्या खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, रिंग रोडच्या कडेला त्याहून जास्त. त्या पातळीखाली दडलेला दोष कानापर्यंत येणार कसा? जिटरचे उदाहरण ते हमखास देतात. जपानच्या काओरू आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संगीत ऐकताना यादृच्छिक जिटर ओळखू येण्यासाठी तो काहीशे नॅनोसेकंद असावा लागला. आजच्या डॅकमधला जिटर पिकोसेकंदांत मोजतात, म्हणजे हजारो पट कमी.

पण सगळे डॅक सारखेच, असे मोजमापही म्हणत नाही. ओव्हरसॅम्पलिंग न करणारे डॅक, ज्यांना चाहते एनओएस म्हणतात, ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर २० किलोहर्ट्झपाशी सुमारे ३ डेसिबलने आणि १० किलोहर्ट्झपाशी पाऊण डेसिबलने खाली येतात. हे गणितातून निघते आणि यंत्रावरही दिसते. तरुण कानाला हा उतार ऐकू येण्याजोगा आहे. म्हणजे एनओएसचे मालक ‘मऊ’ म्हणतात तेव्हा ते भास सांगत नसतात. त्यांच्या शब्दामागे आलेखावर बोट ठेवता येते. इथे दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. फक्त एक तिला दोष म्हणतो आणि दुसऱ्याला ती आवडते.

अमेरिकेतले ‘स्टिरिओफाइल’ मासिक वर्षानुवर्षे ऐकून लिहिलेले परीक्षण आणि प्रयोगशाळेतली मोजमापे एकाच अंकात शेजारी छापते. कित्येकदा दोन्हींचा निष्कर्ष जुळत नाही, तरीही दोन्ही छापली जातात. वाचकावर विश्वास ठेवणारी ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

नाव झाकून घेतलेल्या चाचण्या

या वादातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा ब्लाइंड टेस्टचा. कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही आणि दोन्हींची पातळी तंतोतंत जुळवायची, एवढ्या दोन अटी. पातळीची अट किरकोळ वाटते, पण मालकांची बहुतेक मते तिथेच घसरतात. एका डॅकचे आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचे २.५ व्होल्ट असेल, तर दुसरा जवळजवळ २ डेसिबलने मोठा वाजतो. कानाला तो मोठा वाटत नाही, ‘खुला’ आणि ‘जिवंत’ वाटतो. दुकानात बदलून-बदलून ऐकवताना ही पातळी जुळवलेली असतेच असे नाही.

२००७ साली मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचे रूपांतर मध्येच घातले आणि ऐकणाऱ्यांना फरक ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून यावीत तितकीच. पुष्कळांनी वाद संपला असे मानले. पण २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांतले बारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र तपासले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि ज्यांना आधी सराव दिला होता त्यांच्यात ते ६२ टक्क्यांच्या घरात गेले. फरक लहान, पण केवळ योगायोग म्हणता येणार नाही असा.

हे दोन्ही अभ्यास ध्वनिमुद्रणाच्या दर्जाबद्दल आहेत. दोन डॅकमधल्या फरकाबद्दल नाहीत. वादात दोन्ही बाजू त्यांचा दाखला देताना ही सीमा विसरतात. दोन चांगल्या डॅकमधला फरक सीडी आणि उच्च दर्जाच्या फाइलमधल्या फरकाहून मोठा असेल असे मानायला आधार नाही. एवढे म्हणता येते, त्यापुढे नाही.

जुलै २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी निव्वळ अ‍ॅनालॉग प्रतीसाठी नावाजलेली होती. तिच्या अनेक रेकॉर्डी कित्येक वर्षे डिजिटल टप्प्यातून तयार होत होत्या. डिजिटल आवाज लगेच ओळखतो असे सांगणाऱ्या ग्राहकांनी त्याच रेकॉर्डी वाखाणल्या होत्या. यातून त्यांचे कान कमी दर्जाचे ठरत नाहीत. चांगले डिजिटल रूपांतर कानाला खुपत नाही, हे मात्र त्यांच्याच साक्षीने सिद्ध झाले.

तंबोरा लावून पाहिल्यावर

वरच्या प्रयोगांतले संगीत प्रामुख्याने पाश्चात्त्य होते. आपल्या घरात वाजते ते वेगळे, म्हणून त्याच्यापुरता विचार स्वतंत्र करायला हवा. महाग डॅकचे मराठी मालक कौतुकाने सांगतात की तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आता स्पष्ट ऐकू येतो. याचे गणित मांडून पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला. गंधार हा त्याचा पाचवा उपस्वर, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास. या पट्ट्यात अ‍ॅपलचा बोटभर डॅकही सरळ रेषेत चालतो. तेव्हा गंधार उठून आला असेल तर त्याचे कारण बहुधा डॅकबाहेर आहे: पातळी वाढली, स्पीकरची जागा बदलली, किंवा त्या संध्याकाळी मन लावून ऐकले.

जवारीची गोष्ट वेगळी आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा वक्र असतो, तार त्याला घासत कंप पावते आणि एरवी उमटू नयेत असे उपस्वरही उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. ते १९३३ साली बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि पुढे याच शहरात त्यांनी आपली संशोधन संस्था उभारली. जवारीची ती झळाळी वरच्या पट्ट्यांतही पसरलेली असते, आणि एनओएस डॅकचा उतार किंवा वेगवेगळ्या फिल्टरचे परिणाम तिथेच शोधावे लागतील. मालक म्हणाला, ‘जवारी बदलली,’ तर ते तपासण्याजोगे विधान आहे. ‘गंधार उजळला’ हे विधान तितके टिकणारे नाही.

मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादा तर सर्वांना बांधते. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने आणि अनेक संग्राहकांनी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे गाणे जपले. त्या तबकड्यांचा खरखराटच इतका मोठा, की १६ बिटचा पल्लाही त्यांना भरपूर होतो. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला लाखाचा डॅक लावून काही हाती लागणार नाही. तेच पैसे चांगल्या प्रतीची, काळजीपूर्वक उतरवलेली फाइल शोधण्यात घालावेत.

घर, वीज आणि तळे

मालकाच्या मताचे खरे वजन इथे कळते. डॅक वर्षानुवर्षे वापरताना काय होते, हे प्रयोगशाळा सांगत नाही, मालक सांगतो. लॅपटॉपच्या चार्जरमधून आणि अर्थिंगच्या गोंधळातून यूएसबीवाटे येणारी गुणगुण हा भास नव्हे. ती ऐकू येते, मोजता येते आणि चार्जर काढला की जाते. ज्या डॅकचे यूएसबी विजेच्या दृष्टीने अलग केलेले असते तिथे ती येत नाही, आणि ‘मागची शांतता वाढली’ या वाक्यामागे कित्येकदा एवढेच असते. सोसायटीत वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंत क्षणभर अंधार होतो. त्या धक्क्याने कोणता डॅक स्पीकरमध्ये ठक्कन आवाज काढतो आणि कोणता शांतपणे थांबतो, हेही मालकालाच माहीत असते.

बेळ्ळंदूरची म्हणून एक अडचण आहे. बेळ्ळंदूर तळ्यातला फेस आणि २०१७, २०१८ साली लागलेल्या आगी देशभर गाजल्या, पण त्यातून निघणाऱ्या वायूंची झळ घरातल्या धातूला बसते. सांडपाण्यातला हायड्रोजन सल्फाइड चांदी आणि तांबे काळवंडवतो. तळ्याकाठच्या रहिवाशांनी भांडी काळी पडण्याच्या, एसी बिघडण्याच्या तक्रारी केल्या आहेत. चांदीचा मुलामा दिलेल्या जोडण्यांपेक्षा सोन्याचा मुलामा दिलेल्या इथे जास्त टिकाव धरतील, हा रसायनशास्त्राचा साधा हिशोब आहे.

शिवाय खोली. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो, आणि त्या घुमण्याने १० डेसिबलचा फरक सहज पडतो. टाइल्सची फरशी, काचेचे सरकते दार, उघड्या भिंती असलेल्या फ्लॅटमध्ये डॅकमधला अर्ध्या डेसिबलचा फरक शोधणे कठीणच. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि स्पीकरची योग्य जागा यांचा परिणाम कोणत्याही दोन चांगल्या डॅकमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, यावर मोजणारे आणि ऐकणारे या दोघांचेही एकमत आहे.

दुरुस्ती आणि हमीचा अनुभवही मालकाकडूनच कळतो. परदेशातून परस्पर मागवलेला डॅक बिघडला तर तो परत पाठवण्याचा खर्च आणि सीमाशुल्काचा व्याप मालकाच्या गळ्यात पडतो. अधिकृत विक्रेता महाग असतो तो काही अंशी यासाठी.

काय सुटलेले नाही

सराव केलेल्या कानाला नेमके काय ऐकू येते हा प्रश्न उघडा आहे. रीस यांच्या विश्लेषणाने तो अधिक टोकदार केला. अतिलांब फिल्टरचा वॉट्स यांचा दावा स्वतंत्र, नाव झाकलेल्या चाचणीने पक्का व्हायचा आहे. तासन् तास ऐकल्यावर येणारा शीण छोट्या चाचण्यांत पकडला जातो का, यावर खरे मतभेद आहेत, आणि मालकांच्या या आक्षेपात मला तथ्य वाटते. दोन मिनिटांच्या तुकड्यावरून विलंबित ख्यालाचा अनुभव मोजता येत नाही. मात्र त्याचे उत्तर चाचणी टाळण्यात नाही, ती दीर्घ करण्यात आहे: आठवडाभर एक डॅक, आठवडाभर दुसरा, कोणता ते घरच्या दुसऱ्या माणसालाच ठाऊक.

आज हाती असलेल्या पुराव्यावर माझा कौल असा. नीट बांधलेल्या, मोजमापात स्वच्छ असलेल्या दोन डॅकमध्ये मोठा फरक असल्याची मालकाची साक्ष, पातळी जुळवून आणि नाव झाकून दिलेली नसेल तर, आवाजाच्या प्रश्नावर ग्राह्य धरू नये. गुणगुण, बिघाड, जोडण्या, रिमोट, हमी आणि रोजच्या वापरातला आनंद यांबाबत तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

बेळ्ळंदूर आणि आसपासच्या मराठी श्रोत्यांना एक विनंती. ज्यांच्याकडे महाग डॅक आहे आणि ज्यांच्याकडे साधा आहे, त्यांनी एका रविवारी एकत्र यावे. १०० हर्ट्झचा स्वर लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरची पातळी जुळवावी, तंबोरा आणि ख्यालाचे ध्वनिमुद्रण निवडावे, नाणे उडवून डॅक बदलणाऱ्याला पडद्याआड बसवावे आणि प्रत्येकाने १६ प्रयत्न करावेत. एखाद्याची १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. मग त्याचीच परीक्षा दुसऱ्या रविवारी पुन्हा घ्यावी. निकाल काहीही लागो, तो लिहून ठेवावा आणि इतरांना वाचायला द्यावा.